सहा बरोबरच्या खुणा

मागच्या अंगणात दहा पिल्लं, पाण्याची एक उलटलेली थाळी, सतरा पिसं आणि एक कुत्रा होता. पिल्लं अकरा असायला हवी होती. पिसं मी नंतर मोजली, पिल्लं लगेच, आणि दोनदा. कोंबडीची नऊ दिवसांची पिल्लं एका जागी उभी राहत नाहीत, त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. दुसऱ्यांदाही दहाच भरली.

अकरावं कुत्र्याच्या तोंडात होतं. तोंड मिटलेलं होतं आणि बाहेर काहीच लोंबत नव्हतं, म्हणून आधी लक्षात आलं नाही. कुत्रा मान खाली घालून उभा होता आणि शेपूट हलवत नव्हता. तो असा उभा राहिला की तोंडात काहीतरी आहे हे मला अनुभवाने माहीत आहे. आतापर्यंत दोन मोजे, एक साबण आणि बाबांच्या चष्म्याचं घर निघालं आहे.

कुत्र्याचं नाव पावशेर. मी कामाला जाते त्या डेअरीच्या फाटकापाशी सापडला तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होता. आता बावीस किलोचा आहे. नाव बदलायला उशीर झाला.

मी "सोड" म्हटलं आणि त्याने सोडलं, हळूच, माझ्या तळहातावर. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे पाच दिवस घरात ही गोष्ट कोणीही विचारात घेतली नाही.

बाबा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभे होते. पिल्लं त्यांची. चौतीस वर्षं एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढून ते मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि पहिले सहा महिने आईला भांडी कशी लावावीत ते सांगत बसले. आईच्या नाकी नऊ आले तेव्हा तिनेच त्यांना कोंबड्या पाळा म्हणून सुचवलं. त्यांनी फळ्या आणून पेटी केली, तिच्या झाकणाला बल्ब लावला, प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि एक वही सुरू केली. माझ्या हातात होतं ते सात नंबरचं, हिरव्या दोऱ्याचं.

"चावला ना शेवटी," बाबा म्हणाले.

"चावला नाही. धरलं."

"दोन भोकं दिसतायत मला इथून."

"धरताना पडलीत ती."

पिल्लांना पेटीतून काढून उन्हात सोडलं होतं बाबांनी. कुत्र्याची साखळी काढली होती मी, त्याला आंघोळ घालायची म्हणून. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. आमच्या घराची ही जुनी पद्धत आहे. आपण मनात म्हटलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं इथे प्रत्येकाला वाटतं. पण ते बोलत बसायला वेळ नव्हता. पिल्लू चोच उघडी ठेवून श्वास घेत होतं आणि उजव्या पंखाखालून रक्त येत होतं.

मी त्याला स्वच्छ पंच्यात गुंडाळलं, फक्त पंख बाहेर ठेवला, आणि गॉजची घडी जखमेवर बोटाने दाबून धरली. घड्याळ लावून तीन मिनिटं. मध्येच उचलून पाहायचं नाही, कारण पाहिलं की धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. या तीन मिनिटांत आईने चार वेळा विचारलं, "थांबलं का?" आणि चारही वेळा स्वतःच गॉज उचलायला हात पुढे केला. मग तिने मावशीला फोन लावला. मावशीने लहानपणी कोंबड्या पाळल्या होत्या, त्यामुळे ती आमच्या घरात या विषयातली शेवटची अधिकारी व्यक्ती आहे. मावशीने पलीकडून ब्रँडीचा एक थेंब, चुलीतली राख आणि तोंडाने फुंकर असा उपाय सांगितला. आमच्याकडे चूल नाही आणि ब्रँडीही नाही. आईने फुंकर तेवढी मारली.

रक्त थांबलं. मी जखमेच्या कडेची लव नखं कापायच्या कात्रीने कापली, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली, सुई काढलेल्या सिरिंजने, हलक्या धारेने. पंखाखाली एक फाटलेली जागा होती, दीड सेंटिमीटरची, आणि पाठीवर दोन भोकं. भोकं दिसायला लहान असतात पण तीच वाईट. कुत्र्याच्या दातावरचे जंतू आत खोल जातात आणि वरून कातडी मिटते. भोकांवर पाणी घालून पातळ केलेलं आयोडीनचं औषध लावलं. एवढ्यात आई चमचाभर पाणी घेऊन आली आणि पिल्लाची चोच उघडायला लागली. मी तिचा हात धरला आणि सांगितलं की अशा वेळी पाणी तोंडात ओतलं तर श्वासनळीत जातं. चोचीचं टोक ओलं करायचं, बास, ते आपण होऊन गिळेल.

"बरं, शास्त्रज्ञ बाई," आई म्हणाली आणि चमचा ओट्यावर आपटला. विज्ञानाची पदवी मिळाल्यापासून मला घरात हेच नाव आहे. कोणी रागावलं की बाई जोडली जाते.

गुरांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे, डेअरीत येतात. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न वजनाचा विचारला, कारण त्याशिवाय औषधाचं माप ठरत नाही. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाडगा ठेवून शून्य केलं आणि पिल्लू ठेवलं. चौसष्ट ग्रॅम. डॉक्टर पावणेनऊला स्कूटरवरून आले, पिल्लाकडे पाहून म्हणाले की त्यांचा आजवरचा सगळ्यात लहान पेशंट वासरू होता आणि त्याला तीन माणसांनी धरलं होतं. मग त्यांनी आमच्याहून हळुवार हाताने पंख अंगाशी बसवला आणि कागदी चिकटपट्टीने बांधला. प्रतिजैविकाचे थेंब दिले, दिवसातून दोनदा. उद्या-परवा वजन उतरेल, त्याने घाबरायचं नाही, असं ते म्हणाले. पाच दिवसांत मूळ वजनावर आलं तर वाचलं समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऊब. एवढं लहान पिल्लू जखमेने मरण्याआधी थंडीने मरतं.

बाबांनी हे सगळं ऐकलं. डॉक्टरांची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "ठीक. रविवारी सकाळी आठ वाजता वजन करायचं. चौसष्ट किंवा त्याहून जास्त भरलं, तर कुत्रा राहील. नाही भरलं, तर गोदामावर राखणीला जाईल."

बाबांनी आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण ते अशा सुरात म्हणाले की जणू वरून आलेलं पत्र वाचून दाखवतायत. मागच्या महिन्यात पावशेरने दाण्याचं पोतं फाडलं तेव्हाच त्यांनी ही शेवटची संधी म्हणून सांगितलं होतं. गोदामाचा रखवालदार कधीपासून कुत्रा मागत होता. मी ते गोदाम पाहिलं आहे. सिमेंटची जमीन, पत्र्याची सावली आणि दीड मीटर साखळी. त्या साखळीला आधी बांधलेला कुत्रा जमिनीवर जो अर्धगोल घासून गेला, तो अजून दिसतो.

आणि मला कामावर जायचं होतं. दिवस मंगळवार, दुधाचे टँकर साडेदहाला येतात, तपासणीला आम्ही दोघीच आणि दुसरी रजेवर. अर्ध्या दिवसाच्या पलीकडे सूट मिळेना. म्हणून मी जिन्याखालच्या खोलीत पिल्लाची सोय केली. पेटीत ठेवता येत नव्हतं, कारण रक्ताचा लाल डाग दिसला की बाकीची पिल्लं तिथेच टोचतात. बुटांचं एक मोठं खोकं, तळाला जुना टॉवेल, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, झाकण अर्धं, म्हणजे अंधारही राहील आणि हवाही. आत थर्मामीटर, पिल्लाच्या उंचीवर. तेहतीस अंश. बाटली तासाभराने गार होते, म्हणून दर तासाला बदलायची.

ते विसरू नये म्हणून मी एक तक्ता केला. डावीकडे वेळ, दहापासून तीनपर्यंत. मधे काम: बाटली बदलणे, चोच साखरपाण्याने ओली करणे, तापमान पाहणे. उजवीकडे खुणेसाठी रिकामा रकाना. तक्ता भिंतीवर चिकटवला, खाली दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि आई-बाबा दोघांना उभं करून एकदा वाचून दाखवला. दोघांनीही मान हलवली. बाबांनी तर ओळी सरळ आहेत असंही म्हटलं.

मी तीन वाजून चाळीस मिनिटांनी परत आले. तक्ता पाहून पहिल्यांदा त्या दिवशी बरं वाटलं. सहाच्या सहा ओळींसमोर बरोबरची खूण होती, बाबांच्या हातची, खाली लहान वळण आणि वर लांब शेपटी. शेजारी वेळही टाकली होती: दहा वाजता, अकरा वाजता, एक मिनिट इकडेतिकडे नाही. मी मनातल्या मनात बाबांची माफी मागितली आणि झाकण उचललं.

थर्मामीटर चोवीस दाखवत होता. बाटली हाताला थंड लागली. पिल्लू टॉवेलच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलं होतं, डोळे मिटलेले, आणि बोट लावलं तरी उघडत नव्हतं. साखरपाण्याची वाटी सकाळी भरली होती तेवढीच होती, वर एक मुंगी.

बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारलं, बाटली कधी बदलली.

"कोणती बाटली?"

मी तक्ता भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर धरला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही आला. "मग या खुणा कसल्या?"

बाबांनी चष्मा नाकावर सारला आणि तक्ता शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिला. "पाहिल्याच्या," ते म्हणाले. "कागद समोर आला, वाचला, खूण केली. खूण म्हणजे पाहिलं. काम झालं असतं तर 'कार्यवाही केली' असं लिहून खाली सही असती. सही दिसते का कुठे?"

मी आईकडे पाहिलं. आईने कपाळावर हात मारला. तिचं म्हणणं, तिने दोनदा आत डोकावून पाहिलं होतं, दोन्ही वेळा खुणा होत्या, म्हणून ती निर्धास्त राहिली. बाबा दर तासाला घड्याळ बघून उठत होते, आत जात होते, बाहेर येत होते. एवढ्या टापटिपीने माणूस जाऊन येतो तो नुसता वाचायला जात असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. आणि बाबांचं म्हणणं, ते कागदावर लक्ष ठेवून होते, काम आई करत असणार, घरातली कामं आईच करते.

म्हणजे सहा तास दोन धडधाकट माणसं त्या खोक्याच्या आठ फुटांत होती. एकाने सहा वेळा तक्ता वाचला, दुसरीने दोन वेळा खुणा वाचल्या, आणि पिल्लाला कोणी वाचलं नाही.

मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "तुम्हाला ते मरायलाच हवंय. म्हणजे कुत्रा परस्पर जाईल."

बाबांनी चष्मा काढला, काचा पुसायला सदऱ्याचं टोक धरलं आणि पुसल्या नाहीत. आई मला म्हणाली की आता तोंड बंद कर आणि पाणी गरम कर, आणि हे त्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदम तापवू नका, आधी हातात धरा. मी पिल्लू ओंजळीत घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. आईने बाटली भरून आणली, फडक्याच्या दोन घड्या जास्त घातल्या. पावशेर बाकाखाली होता. सकाळपासून तो तिथून निघाला नव्हता, त्याची थाळीही तशीच. पंचवीस मिनिटांनी पिल्लाने एक डोळा उघडला, अर्धा. चोचीला साखरपाणी लावलं तर पहिल्या दोन थेंबांना काही नाही, तिसऱ्याला गिळलं. वजन केलं: अठ्ठावन्न.

ओंजळीत पिल्लू असलं की दुसरं काही करता येत नाही, तेव्हा मी तो तक्ता पुन्हा पाहिला. मला बाबांचा राग काढायचा होता, पण तक्ता माझा होता. 'बाटली बदलणे' असं मी लिहिलं होतं. कोणी, हे लिहिलं नव्हतं. उजव्या रकान्यात खूण करा असं लिहिलं होतं, खुणेचा अर्थ लिहिला नव्हता. प्रयोगशाळेत दुधाच्या बाटलीवर नमुना कोणी घेतला आणि कोणी तपासला हे दोन वेगळे रकाने असतात, दोन वेगळ्या सह्यांसकट, आणि एक राहिला तर मी स्वतः तो नमुना परत पाठवते. घरच्या माणसांना रकाने लागत नाहीत असं मी गृहीत धरलं होतं. तेही मनातच.

बाबा मात्र घरात नव्हते. सदरा बदलून बाहेर पडले, आईलाही सांगितलं नाही. पाऊण तासाने आले तेव्हा हातात एक बल्ब, एक होल्डर आणि चार मीटर वायर होती. जिन्याखाली उकिडवे बसून त्यांनी खोक्याच्या वर, पिल्लापासून वीतभर अंतर सोडून, बल्ब टांगला. थर्मामीटर कुठे ठेवायचा हे मला विचारलं. मग जेवणाच्या टेबलावर बसून फूटपट्टीने नवा तक्ता आखला. त्यात पाच रकाने होते: वेळ, काम, कोणी करायचं, कार्यवाही, सही. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'नुसती खूण ग्राह्य धरली जाणार नाही.'

आईने ते वाचून विचारलं की सही पिल्लाची पण लागेल का. बाबा म्हणाले, वाचलं तर घेऊ.

एवढंच झालं. माझ्या बोलण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. अटही कोणी मागे घेतली नाही. बुधवारी मी एकदा विचारायचा प्रयत्न केला की मंगळवारचे सहा तास फुकट गेले, तर मुदत सोमवारपर्यंत न्यावी का. बाबा म्हणाले, मुदत ठरलेली आहे. माझ्या डोक्याला ताप झाला. ज्या माणसाने वजन उतरवलं तोच मुदतीवर अडून बसला होता.

बुधवारी वजन सत्तावन्न भरलं. गुरुवारीही सत्तावन्न. पण गुरुवारी दुपारी पिल्लाने आपण होऊन टोचायला सुरुवात केली, आधी टॉवेलला, मग माझ्या घड्याळाच्या काचेला. आईने उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग चुरून ठेवला, मावशीला न विचारता. बाबांनी कोंबडीच्या पिल्लाला अंडं घालण्यावर आक्षेप घेतला, तो आईने फेटाळला, आणि तक्त्यात लिहिलं गेलं: 'अंडं, अर्धा चमचा, कार्यवाही केली', खाली आईची सही, तिने आयुष्यात बँकेबाहेर केलेली पहिली. शुक्रवारी एकोणसाठ. जखमेला वास नव्हता, कडा कोरड्या होत्या. औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ मीच देत होते आणि सही करत होते. एकदा सही करायची राहिली तर बाबांनी डेअरीत फोन करून विचारलं की थेंब दिले नाहीत की सही राहिली. मी टँकरचा नमुना हातात घेऊन उभी होते. मागे डेअरीचे साहेब उभे होते. मी म्हटलं, सही राहिली. बाबा म्हणाले, आल्यावर कर, मी तोवर पेन्सिलने टिपून ठेवतो.

शनिवारी एकसष्ट. मी आलेख काढून पाहिला. याच वेगाने गेलं तर रविवारी आठला त्रेसष्ट यायला हवं होतं. एक ग्रॅम कमी. तो आलेख मी कोणालाही दाखवला नाही. दुपारी पावशेरला घेऊन मुद्दाम गोदामाच्या उलट्या दिशेला लांब फिरून आले. तो मधेच थांबून माझ्याकडे पाहत होता, कारण शनिवारी आम्ही इतकं लांब जात नाही.

रविवारी मी साडेसातला खाली आले. तक्त्यात सकाळची सात वाजताची ओळ भरलेली होती. तिच्याखाली बाबांनी एक जादा ओळ आखली होती, जी वेळापत्रकात नव्हती: '७.१५, दाणा आणि अंडं, कार्यवाही केली', सही. वजन उपाशीपोटी करायचं हा त्यांचाच नियम होता, बुधवारी ठरवलेला, आणि चारही दिवस पाळलेला. पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी दाण्याने फुगलेली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते काटा ओल्या फडक्याने पुसत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते.

आठ वाजता आई हात पुसत आली. पावशेर दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी बसला, आत आला नाही. बाबांनी वाडगा ठेवून काटा शून्य केला. मी पिल्लू वाडग्यात ठेवलं. ते एकदा फिरलं, वाडग्याच्या कडेला टोचलं आणि बसलं. आकडा त्रेसष्ट, सहासष्ट, चौसष्ट असा हलला आणि पासष्टवर थांबला.

आईने श्वास सोडला. मी पिल्लू उचलायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले. "पट्टी आहे अंगावर. मंगळवारी नव्हती."

मी हात टेकले. आई त्यांना म्हणाली की तुम्ही माणूस आहात की कार्यालय, पण तोपर्यंत ते उठून औषधांचा डबा घेऊन आले होते. पिल्लाच्या पंखावर किती पट्टी आहे ते त्यांनी फूटपट्टीने मोजलं, तेवढीच नवी पट्टी कापली, तेवढंच गॉज कापलं. दोन्ही वाडग्यात ठेवून वजन केलं आणि तक्त्याच्या तळाशी, जागा उरली नव्हती तरी, बारीक अक्षरांत वजाबाकी मांडली.

पट्टी व गॉज, एक ग्रॅम. पिल्लू क्रमांक सात, पट्टी वगळून, चौसष्ट ग्रॅम.